४०३ वाल्यांना गप्प कसं बसवायचं

लक्ष्मीपूजनाची रात्र, पावणेअकरा वाजलेत, तुम्ही पार्किंगमध्ये हजाराची माळ अंथरलीये, पोरगं अगरबत्ती घेऊन उभं, मेव्हणा व्हिडिओ काढायला तयार, आणि तेवढ्यात वरून कुणीतरी म्हणतं, "भाऊ, दहा वाजून गेले हो, घरात लहान बाळ आहे." आता काय करायचं? अजिबात घाबरू नका. जळगावातल्या दोन सोसायट्यांमध्ये मिळून अठरा दिवाळ्या काढल्यात मी, एक वर्ष कमिटीवर पण होतो, जे सांगतोय ते अनुभवाने सांगतोय.

सगळ्यात आधी आवाज कोणत्या मजल्यावरून आला ते बघा. दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा असतील तर माळ गुंडाळायची, "सॉरी आप्पा, लक्षातच नाही आलं" म्हणायचं आणि सकाळी फराळाचं ताट पाठवायचं. पण तेच वाक्य, अगदी त्याच शब्दात, ४०३ मधून आलं तर तो आपल्या सणावर हल्ला असतो. मग माळ दुहेरी लावायची.

४०३ म्हणजे ते हो, धडगावकडचे. ते सरकारी नोकरीत, बायको नर्स, मेंटेनन्स दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत (कमिटीतल्या तिघांचा दिवाळीपर्यंत आला नव्हता, ते जाऊ द्या). राहायला आले तेव्हा तुम्ही विचारलंच असेल, "कुठले तुम्ही?" "धडगाव." "तसं नाही, मूळचे कुठले?" "मूळचे पण धडगावचेच." "म्हणजे सातपुड्यातले का?" इथे थोडं थांबायचं. समोरचा रंगाने उजळ असेल तर "वाटत नाही हो तुम्ही!" असं म्हणायचं, हे कौतुक असतं, त्याला आवडलं नाही तर तो त्याचा प्रॉब्लेम. काळासावळा असेल तर नुसतं "अच्छा, अच्छा" म्हणायचं, त्या अच्छामध्ये सगळं येऊन जातं. वॉचमनसाठी एवढा विचार करायची गरज नाही, त्याला सरळ बहादूर म्हणायचं. नाव विचारू नका, आधीच्या वॉचमनला पण आम्ही बहादूरच म्हणायचो आणि तो चाळीसगावचा होता.

आता नियमांचं. ४०३ वाले नियम दाखवतील, कारण त्या लोकांना शिकवलंय ना सगळं. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिवाळीला फटाके रात्री आठ ते दहा एवढेच फोडायचे, आणि ते पण ग्रीन. ग्रीन म्हणजे नागपूरच्या नीरीने तयार केलेल्या फॉर्म्युल्याचे, धूर कमी करणारे. आपल्या पार्किंगमध्ये ग्रीन म्हणजे ज्याच्या खोक्यावर कुठेतरी हिरवा रंग आहे तो. माळांना तर त्याच निकालात बंदी घातलीय, त्यामुळे माळ लावताना तिला माळ म्हणू नका, लड म्हणा. आणि कुणी डेसिबल काढले तर सांगा की फटाक्याला १२५ डेसिबलपर्यंत चालतं, चार मीटरवर मोजून. चार मीटर हे आपल्या दोन विंगांमधलं अंतर होतं का नव्हतं, बाळाचा पाळणा खिडकीपासून किती लांब, ही मोजमापं बिल्डरने केली नाहीत तर आपण कशाला करायची.

पण खरी अडचण नियम नाहीये. खरी अडचण म्हणजे तो फोटो.

झालं असं की ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिन असतो तेव्हा, ४०३ कडे गावाकडून पाहुणे आले होते आणि त्यांनी गच्चीवर ढोल वाजवला. दुपारी चार ते पावणेपाच. पोरं नाचली, आपल्या विंगमधली दोन पोरं पण नाचली, त्यांना नंतर घरी घेऊन झापलं ते वेगळं. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, मीच टाईप केली होती, "निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ध्वनिप्रदूषण नियम २०००, सोसायटीची संस्कृती बिघडवणारे प्रकार खपवून घेतले जाणार नाहीत." एकदम कडक. त्याच श्रावणात आपल्या खाली कानबाई (खान्देशातली देवी) बसल्या, रविवारी रात्रभर जागरण, गाणी, स्पीकर, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. तेव्हा ४०३ मधून कुणी काही बोललं नाही. बाई तर नाईट ड्युटी करून आल्या होत्या आणि कानबाईला नारळ ठेवून वर गेल्या.

आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री पावणेअकराला ग्रुपवर त्यांनी काय टाकलं? आपल्याच नोटिशीचा फोटो. बाकी एक शब्द नाही. आपलीच सही, आपलाच शिक्का.

अशा वेळी मुद्द्यावर बोलायचंच नाही, मुद्द्यावर बोललात की हरलात. लगेच लिहायचं, "इतकाच त्रास होतो तर इथे राहायला कशाला आलात?" मग बाकीचे अंगठे देतात. जातीचं नाव मात्र चुकूनही लिहायचं नाही, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, आणि ग्रुपचा स्क्रीनशॉट निघतो. त्यासाठी चांगले शब्द आहेत. "बॅकग्राउंड" हा एक, "तिकडचं कल्चर" हा दुसरा, आणि "तुम्ही लोक" याला तर तोड नाही, कुणालाही लागू पडतो आणि कशाचाच पुरावा होत नाही. मग ए विंगमधले रिटायर्ड काका जागे होतील आणि २००५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल फॉरवर्ड करतील, की सोसायटी आपल्या समाजापुरती ठेवता येते. तो अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा होता, तिच्या बायलॉजमध्येच तसं लिहिलेलं होतं. आपल्या बायलॉजमध्ये आपण कोणता समाज लिहिलाय? पाण्याच्या टाकीवरून आपण चार समाज होतो आणि पार्किंगवरून सोळा. पण रात्री बारा वाजता बायलॉज कोण उघडतो, अंगठा द्या आणि पुढे चला.

एक काळजी तेवढी घ्या. नोटीस बोर्डाच्या बरोबर वर साने गुरुजींचा फोटो आहे, दरवर्षी हार घालतो आपण. अमळनेरला शिकवायचे, आपल्या खान्देशचेच. जन्म कोकणातला, पालगडचा, पण त्यांना "मूळचे कुठले" असं आपण कधी विचारलं नाही. १९४७ साली अस्पृश्यांना पंढरपूरचं मंदिर उघडावं म्हणून उपोषणाला बसले होते म्हणे. तर नोटीस लावताना पिन जरा खाली मारा, फ्रेमला लागायला नको.

एवढं सगळं नीट केलंत तर भाऊबीजेपर्यंत ग्रुप शांत होतो. ४०३ वाले ग्रुपवर फक्त मेंटेनन्सची पावती टाकतात, लिफ्टमध्ये भेटले तर मोबाईल बघतात. सकाळी बहादूर पार्किंगमधला लाल कागदाचा सडा झाडतो. जिंकलात तुम्ही.

मग भाऊबीजेच्या दुपारी पुण्याहून पोराचा फोन येईल. मला आला. रूम बघितली होती, डिपॉझिट पण ठरलं होतं, आणि हा तिथेच उभा राहून घरी अहिराणीत बोलला, "काय करी ऱ्हायना रे भो" एवढंच, आणि मालकाने विचारलं, कुठले तुम्ही? जळगाव. मग म्हणाला की रूम नाही देता येणार, तुम्ही लोक फार मोठ्याने बोलता, आणि मसाल्याचा वास भिंतीतून जात नाही. मी एक तास फोनवर त्या माणसाला शिव्या देत होतो, हा काय प्रकार आहे, माणसाची भाषा बघून रूम नाकारतात, कायदा आहे का नाही या देशात. मंडळी म्हणाली, मग करा ना तक्रार. करणारच आहे. फक्त कुठे करायची, कशी लिहायची ते मला काही येत नाही, मला नोटीस लिहिता येते.

ते ४०३ वाल्यांना माहीत असेल, त्यांच्याकडे असले सगळे कागद सेव्ह असतात. तुमच्यावर पण ही वेळ आली तर रात्री जाऊ नका, बाळ झोपलेलं असतं. सकाळी जा, चिवडा-शंकरपाळ्यांचं ताट घेऊन, आप्पांकडे नेतो तसं. दार दोनदा वाजवत बसलो मी. बेल डाव्या बाजूला आहे.