मीटर गरम होतंय म्हणून सील तोडून स्क्रू आवळू नका

नवतपा (मे अखेरचे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की नागपूरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उन्हाळ्यात विजेचं मीटर गरम होणारच, पेटीवर ओलं पोतं टाका. खरा धोका असेल तर एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडेलच आणि उगाच पडत असेल तर 63 अँपिअरचा बसवा. तरीही जळका वास आला तर मेन स्विच बंद करून सील तोडा, आतले स्क्रू आवळा. शिवाय मीटर गरम म्हणजे बिल फुगणार. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही आणि काही तर थेट जिवावर बेतणारी आहेत.

‘उन्हाळ्यात मीटर गरम होणारच’

मीटर स्वतः 2 वॅटही खात नाही. पश्चिमेच्या भिंतीवरची लोखंडी पेटी दुपारी तापते हे खरं, पण उन्हाने ती सगळीकडून तापते आणि दिवस मावळला की हळूहळू निवते. रात्री अकराला एसी चालू असताना मीटरच्या खालच्या झाकणाचा एकच कोपरा तापलेला असेल, तर दोष उन्हाचा नाही. तिथे तारेचा जोड लूज आहे.

हिशोब साधा आहे. दोन एसी, फ्रीज, कूलर आणि पाण्याची मोटर एकत्र चालली की साधारण 20 अँपिअर करंट जातो. टर्मिनलमधला, म्हणजे तार स्क्रूने जिथे मीटरला जोडतात तिथला, जोड चांगला असेल तर तिथला रोध (करंटला होणारा अडथळा) ओहमच्या हजाराव्या भागाइतका असतो आणि उष्णता अर्ध्या वॅटहून कमी. तोच जोड ढिला होऊन रोध 0.05 ओहम झाला, तर 20 गुणिले 20 गुणिले 0.05, म्हणजे 20 वॅट. कथील वितळवणारं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. तेवढी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत, प्लास्टिकने वेढलेली, रात्रभर. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण 70 अंशांपर्यंत टिकण्यासाठी बनवलेलं असतं. पेटीतच 50 अंश असतील, तर हातात उरतात फक्त 20.

जोड ढिला का होतो? खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि टर्मिनल पितळेचं. लोड आला की अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं, स्क्रूखाली दबून चपटं होतं आणि थंड झाल्यावर पकड सुटते. वर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. दुसरं कारण माणसाचं: जाड मल्टिस्ट्रँड तार भोकात जात नाही म्हणून काही वायरमन चार-सहा धागे कापून टाकतात, किंवा दोनपैकी एकच स्क्रू आवळतात.

ओळखायचं कसं? झाकणाला हात लावू नका. लोड पूर्ण असताना इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता तापमान दाखवणारा) प्लास्टिकच्या झाकणाकडे, प्रत्येक टर्मिनलसमोर रोखा. सिंगल फेजमध्ये फेज आणि न्यूट्रलमधून एकच करंट जातो, म्हणून चारही जागा जवळपास सारख्याच तापायला हव्यात. एखादी शेजारच्यांपेक्षा 10-15 अंशांनी जास्त दिसली, तर दुखणं तिथेच. उपकरण नसेल तर नाक, कान आणि डोळे पुरतात: जळक्या प्लास्टिकचा वास, एका टर्मिनलभोवती तपकिरी डाग, बारीक चरचर, मोटर सुरू होताना दिव्यांचं डिम-फुल होणं.

ओल्या पोत्याबद्दल एवढंच, की विजेच्या पेटीवर पाणी कधीच नको. ऊन अडवायचं असेल तर वर चार बोटं अंतर सोडून पत्र्याची छोटी छत्री लावा आणि पेटीची हवेची भोकं मोकळी ठेवा.

‘धोका असेल तर एमसीबी पडेलच’

पडणार नाही. एमसीबी करंट मोजतो आणि लूज जोडाने करंट वाढत नाही, फक्त उष्णता वाढते. शिवाय तुमचा एमसीबी मीटरच्या पुढे, घराच्या बाजूला असतो. मागे काय जळतंय हे त्याला कळायला मार्गच नाही.

63 अँपिअरचा सल्ला तर फार घातक. एमसीबी तारेला वाचवण्यासाठी असतो. 4 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेला 25 आणि 6 ला 32, घरगुती वायरिंगमध्ये साधारण एवढंच धरावं. 4 च्या तारेवर 63 चा लावला, तर आधी तार जळेल, एमसीबी मागून कधीतरी पडेल. उन्हाळ्यात एमसीबी पडू लागला तर आधी बिलावरचा मंजूर भार बघा. तो 2 किलोवॅट असेल आणि घरात दीड टनाचे दोन एसी लागले असतील, तर भारवाढीचा अर्ज करा.

‘मेन बंद करून सील तोडा, स्क्रू आवळा’

मेन स्विच मीटरनंतर येतो. तो बंद केला तरी मीटरमध्ये येणारी तार जिवंतच असते आणि स्क्रूड्रायव्हर नेमका तिथेच लागतो. जळालेल्या टर्मिनलवर जोर दिला की ठिसूळ झालेलं प्लास्टिक फुटतं आणि फेज-न्यूट्रल एकमेकांना भिडू शकतात. कायदाही आड येतो: वीज कायदा 2003 च्या कलम 138 खाली मीटरशी छेडछाडीला 3 वर्षांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुटलेलं सील बघून वीजचोरीचा संशय येतो, तो वेगळाच.

त्याऐवजी आधी एसी, मोटर, गीझर एकेक करून त्यांच्या स्विचवर बंद करा, मग मेन. लांबून फोटो काढा. महावितरणला 1912 वर तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ठिणग्या किंवा धूर दिसत असेल तर पेटीजवळ जाऊच नका, अग्निशमन दलाला 101 वर कळवा.

लाइनमन पुरवठा बंद करून काम करताना तुम्ही विचारायला हवं, कारण नुसता स्क्रू आवळून निघून जाणं ही दुरुस्ती नाही. काळं पडलेलं टोक चमकदार धातू लागेपर्यंत, दोन-तीन सेंटिमीटर तरी, कापायला हवं. अ‍ॅल्युमिनियमला योग्य मापाचा लग (तारेच्या टोकावर बसवायची धातूची टोपी) क्रिंप करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून घ्या. दोन्ही स्क्रू उघड्या तारेवरच बसले पाहिजेत, आवरणावर नाही. शेवटी तार ओढून बघायची. टर्मिनलचं प्लास्टिक काळं पडलं असेल तर मीटरच बदलायला हवं. नवं सील लागेपर्यंत थांबा. मीटर बदललं तर जुन्या-नव्याचे क्रमांक आणि रीडिंग टिपून घ्या.

मीटरमधून घरात जाणारी तार मात्र तुमची जबाबदारी. तीही त्याच वेळी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. मल्टिस्ट्रँड तारेच्या टोकाला लग हवा. टोकावर कथील चढवून स्क्रूखाली घालू नका. कथील दाबाखाली सरकतं आणि काही काळाने जोड पुन्हा ढिला होतो.

‘मीटर गरम म्हणजे बिल जास्त’

20 वॅटचा तो जोड रोज 8 तास तापला तरी महिन्याला 4.8 युनिट होतात, आणि तो येणाऱ्या बाजूला असेल तर तेवढेही मोजले जात नाहीत. बिलाची शंका असेल तर मीटर तपासणीचा अर्ज वेगळा करा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट थ्री फेजवाल्यांसाठी. घराच्या एका भागात दिवे मंद आणि दुसऱ्या भागात भगभगीत झाले, तर न्यूट्रल सुटतोय. 230 च्या जागी 400 व्होल्टच्या जवळपास दाब उपकरणांवर येऊ शकतो. पेटीतून धूर किंवा ठिणग्या नसतील तर वाट न बघता मेन बंद करा, मग 1912.