राजवाड्यातलं संगीत बाजारात आणलं म्हणे!

‘चार व्हायोलिनवाले काळे कपडे घालून सिनेमाची गाणी वाजवतात आणि लोक त्याला अभिजात संगीत समजून टाळ्या पिटतात. राजवाड्यातली कला बाजारात आणली. शिवाय वाद्य परकं आणि वाजवणं कागद बघून!’ बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. आमच्या काकांनी तर दोनदा पाठवला.

आधी मोजणी. चार व्हायोलिनं नसतात. दोन व्हायोलिनं, त्याहून थोडा मोठा आणि पंचमाच्या अंतरानं खाली लागणारा व्हायोला, आणि गुडघ्यांत धरायचा चेलो. याला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात.

आता राजवाडा. क्वार्टेटचा जुना नामवंत रचनाकार हायडन हा एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत होता, कबूल. पण 1793 साली त्यानं सहा क्वार्टेट (या चार वाद्यांसाठीच्या रचनांनाही हेच नाव) रचली ती लंडनच्या जाहीर मैफिलींवर डोळा ठेवून. त्यातल्या बहुतेकांच्या तोंडालाच ठसठशीत स्वर आहेत. श्रोत्यांची कुजबुज थांबावी म्हणून, असं जाणकार सांगतात. म्हणजे बाजारात जाऊन सव्वादोनशे वर्षं उलटली.

आणि हे बडोदेकरांनी म्हणावं? सयाजीरावांनी 1886 मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, ती दरबारातली विद्या गावातल्या पोरांना मिळावी म्हणूनच ना? मौलाबक्षांनी तर स्वतःची स्वरलिपी बसवली, क्रमिक पुस्तकं लिहिली. म्हणजे कागद आलाच. भास्करबुवा बखलेही इथेच फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले. 1916 साली भातखंड्यांनी बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, आणि त्याच वर्षी बखलेबुवांच्या चाली घेऊन ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलं. ख्यालातल्या जागा तिकीट काढून आलेल्यांच्या तोंडी बसल्या. त्याला आपण विटंबना म्हणत नाही, सुवर्णकाळ म्हणतो.

सिनेमाच्या गाण्यांचं म्हणाल तर 1973 पासून वाजवणाऱ्या अमेरिकेतल्या क्रोनॉस क्वार्टेटनं 2005 साली आर. डी. बर्मनच्या गाण्यांचा अल्बम केला, गायला सत्तरी ओलांडलेल्या आशाताई. याच मंडळींनी पुढे नव्या पिढीच्या वादकांसाठी पन्नास नव्या रचना करवून घेतल्या आणि त्यांची स्वरलिपी इंटरनेटवर फुकट ठेवली. नुसता गल्ला भरणारा माणूस एवढा खटाटोप करत नाही.

व्हायोलिन परकं, यावर शब्द खर्चत नाही. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, एन. राजम यांनी आपले राग त्याच्यावरच वाजवले. आणि काका, तुमच्या घरची पेटी मूळची कुठली?

राहिला कागद. समोर कागद असतो, पण ठोका द्यायला कुणी उभा नसतो. पुढच्या रांगेत बसून पाहावं. पहिली व्हायोलिनवादक गज तारेपासून बोटभर वर धरते, नाकानं हलकेच श्वास ओढते, आणि त्या श्वासाच्या टोकावर चौघांचा स्वर एकदम पडतो. समेच्या आधी सतारवाला तबलजीकडे बघतो ना, तसंच. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं?

एका ठिकाणी मात्र मी काकांच्या बाजूनं आहे. हल्ली काही कार्यक्रमांत चौघांच्या मागे आधीच भरून ठेवलेला ड्रमचा ठेका लावतात आणि सगळं भल्यामोठ्या स्पीकरांतून सोडतात. मग त्या श्वासाला काही काम उरत नाही; यंत्र पळतं आणि चौघं त्याच्यामागे फरफटत जातात. चार तंतुवाद्यांना शंभर माणसांची खोली पुरते, आणि माइक नसला तरी चालतं. तिथे खुशाल आर. डी. वाजवा.