बास काही केल्या बास होईना

सुहासने नवीन इअरफोन घेतल्याची वार्ता त्याने स्वतःच ग्रुपवर तीन वेळा, तीन निरनिराळ्या कोनांतून काढलेल्या छायाचित्रांसह दिलेली असल्यामुळे शनिवारी संध्याकाळी पुण्यातल्या पेरू गेटाजवळच्या आमच्या कट्ट्यावर कोणीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आपल्याला कोणी काही विचारत नाही हे सुहासला सहन होत नाही, आणि ते आम्हाला पक्के ठाऊक असल्यामुळे पहिला चहा संपेपर्यंत अण्णा पाणीकपातीवर आणि बंड्या पार्किंगवर बोलत राहिले. अखेर सुहासनेच खिशातून ती चामड्याची डबी काढून कट्ट्यावर ठेवली आणि जवळच्या नातेवाइकाचे दुखणे सांगावे अशा आवाजात तो म्हणाला, "चौदा हजार घातले. सगळं आहे, पण बास नाही."

"मग बास कर," अण्णा म्हणाले. बास म्हणजे गाण्यातले खालचे, घुमणारे स्वर, पण हा विनोद अण्णा कॅसेटच्या काळापासून करत आले आहेत आणि त्यावर हसण्याची जबाबदारी आळीपाळीने आमच्यावर असते. त्या दिवशी पाळी बंड्याची होती.

सुहासने केलेले उपचार मात्र खरोखर ऐकण्यासारखे होते. इअरफोन नवा असताना त्याचा पडदा ताठर असतो आणि शंभर तास वाजवल्यावर तो मोकळा होऊन बास सुटतो, अशी त्याची श्रद्धा आहे. त्यासाठी त्याने इअरफोन स्टीलच्या डब्यात ठेवून, त्यावर पिंक नॉइज लावून, डबा स्वयंपाकघराच्या फडताळात चार दिवस आणि चार रात्री ठेवला होता. ज्यांनी पिंक नॉइज ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की, तो एका संथ, न संपणाऱ्या फुसफुशीसारखा असतो. दुसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलेल्या त्याच्या आईला गॅस गळतो आहे असे वाटले, त्यांनी रेग्युलेटर काढला, खिडक्या उघडल्या आणि सुहासला उठवले. बास सुटला नाहीच, पण सकाळचा चहा सुटला. आता चार हजारांची चांदीचा मुलामा दिलेली वायर मागवावी असे त्याच्या मनात होते.

मेधा इतका वेळ काही बोलली नव्हती. ती गेली पंधरा वर्षे श्रवणयंत्रे बसवण्याचे काम करते आणि लोकांच्या कानांचे साचे घेते, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार कट्ट्यावर एकटीला आहे. हा वृत्तान्त लिहिताना मी तटस्थ नाही, हेही इथेच सांगून टाकतो. तिने डबी उघडली, इअरफोन उजेडात धरला आणि विचारले, "रबर कोणतं लावलंयस?"

"जे लावून आलं होतं ते."

"म्हणजे चौदा हजारांच्या वस्तूवर चौदा पैशांचाही विचार केला नाहीस. खोक्यातली बाकीची रबरं कुठे आहेत?"

ती खोक्यातच, पिशवीसुद्धा न फोडता, राहिली होती. सुदैवाने खोके सुहासच्या सॅकमध्ये होते, कारण ते आम्हाला दाखवायचा त्याचा बेत होता.

त्यानंतर सुहासने जे केले ते तो प्रत्येक वादात करतो, म्हणजे तो भौतिकशास्त्रात शिरला. वीस हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सतरा मीटर असते, ती अडीच सेंटिमीटरच्या कानाच्या नळीत मावणार कशी, तेव्हा कानात घालायच्या इअरफोनमधून खरा बास येणे मुळातच अशक्य आहे आणि आपण फसवले गेलो आहोत, असा त्याचा युक्तिवाद होता. सतरा मीटरचा आकडा बरोबर आहे. परंतु आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो एवढे माहीत असलेल्या कोणालाही तो काढता येतो, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र पार चुकीचा आहे. मेधाने तो दोन वाक्यांत निकालात काढला. "लाट कानात मावायची गरजच नाही. नळी नीट बंद असेल तर आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते, सायकलच्या पंपातल्यासारखी, आणि कानाच्या पडद्याला तेवढंच लागतं."

ही हवा किती, तर आम्ही समोरच्या चहाच्या चमच्याने मोजली. चमच्यात साधारण ५ मिलिलिटर मावते, आणि श्रवणयंत्रे तपासायची मेधाकडची प्रमाणित डबी २ घनसेंटिमीटरची असते, म्हणजे अर्धा चमचाही नाही. एवढीशी हवा दाबायला इअरफोनचा इवलासा पडदा पुरून उरतो, पण त्या अर्ध्या चमच्याच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी आतला दाब तिथून निसटतो. तोही सगळ्या स्वरांचा सारखा निसटत नाही. वरचे स्वर इतक्या झपाट्याने येतात-जातात की हवेला फटीतून बाहेर पडायला उसंत मिळत नाही, तर खालच्या स्वरांना भरपूर उसंत असते आणि ते आरामात निघून जातात. त्यामुळे गाणे ऐकू येते, शब्द स्पष्ट येतात, झांजा तर जास्तच येतात, फक्त खालची बैठक उडून जाते आणि माणूस वायरींच्या मागे लागतो.

"आमच्याकडे हे भोक मुद्दाम पाडतात," मेधा पुढे म्हणाली. "नवीन यंत्र बसवलेले आजोबा पहिल्याच दिवशी तक्रार करतात की स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. मग आम्ही साच्यातून एक बारीक वाट काढतो, तिच्यातून खालचे स्वर निघून जातात आणि आजोबा खूश होतात. तू तीच वाट चौदा हजार देऊन विकत घेतलीस."

सुहासने माघार घेतली नाही. ॲपमधल्या इक्वलायझरवर, म्हणजे वरचे-खालचे स्वर वेगवेगळे कमीजास्त करायच्या पट्ट्यांवर, त्याने बासचा पट्टा थेट १२ डेसिबलपर्यंत चढवून पाहिला होता आणि तरीही काही घडले नव्हते, उलट आवाज फाटला होता, मग दोष रबराचा कसा, असे त्याचे म्हणणे होते. १० डेसिबल वाढवायचे म्हणजे त्या पट्ट्यात दहापट शक्ती ओतावी लागते, आणि वर तेवढी जागाच शिल्लक नसली की लहरींचे माथे कापले जातात, म्हणून आवाज फाटतो. एकूण पातळी आधी तितकीच खाली आणली असती तर निदान फाटला नसता. पण हे सगळे सांगण्याआधी बंड्याने मध्येच एक वाक्य टाकले, आणि ते मला मेधाच्या तोडीचे वाटले. "तुमच्या सोसायटीची टाकी गळत होती तेव्हा तू सेक्रेटरी होतास ना? तेव्हाही तू दुसरी मोटरच बसवली होतीस."

या मोटरीवरून जी पंधरा मिनिटे गेली ती मी गाळतो.

अण्णांचा आक्षेप निराळा आणि जास्त जुना आहे. त्यांनी ऐन उमेदीत ढोल वाजवलेला असल्यामुळे लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये चाळीस ढोल एकदम पडतात तेव्हा जे होते त्यालाच ते बास मानतात, आणि बाकी सर्व प्रकारांना ते 'कानातली खाज' म्हणतात. "छातीत बसत नाही तो बास कसला?" असे ते म्हणाले तेव्हा मला वाटले होते की मेधा त्यांनाही उडवून लावील, पण तिने मान डोलावली. ढोलाचा किंवा मोठ्या स्पीकरचा बास अंगावर येतो, बरगड्यांत आणि पोटात जाणवतो. इअरफोन फक्त कानाचा पडदा हलवू शकतो, शर्टाची बटणे हलवू शकत नाही, आणि ही उणीव कितीही पैसे दिले तरी भरून निघत नाही. यावर सुहासने सांगितले की हरमन कंपनीच्या संशोधकांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून कोणता स्वर किती मोठा असावा याची जी वक्ररेषा ठरवली आहे तिच्यात कानात घालायच्या इअरफोनसाठी बास मोठ्या हेडफोनपेक्षाही वाढवून धरलेला आहे. हे त्याने बरोबर सांगितले आणि ते नोंदवणे मला भाग आहे.

छातीचा विषय निघाल्यामुळे माझ्या सबवूफरचा, म्हणजे फक्त बाससाठी असलेल्या मोठ्या स्पीकरचा, विषय निघणे अटळ होते. बारा इंची होता. गणपतीच्या दहा दिवसांसाठी सुहासने तो नेला, मांडवात त्याच्यावर नारळाचे पोते ठेवले, आणि परत आला तेव्हा त्याच्या कागदी शंकूला अशी चीर होती की त्यातून माझा हात आत जात असे. "त्याला मोकळा केला," असे सुहास तेव्हा म्हणाला होता. पडदा मोकळा झाला की बास सुटतो या त्याच्या श्रद्धेचे मूळ तिथे असावे, अशी मला दाट शंका आहे.

बंड्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांनी भरलेल्या तपकीर गल्लीत लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे त्याला जुन्या डेकवरचे लाउडनेसचे बटण आठवले. आवाज लहान ठेवून ते दाबले की गाणे एकदम भरल्यासारखे वाटायचे. आवाज लहान केला की आपल्या कानाला खालचे स्वर इतरांपेक्षा फार जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले होते, आणि ते बटण तेवढीच तूट भरून काढत असे. म्हणून रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला थोडा बास वाढवून घ्यावासा वाटला तर त्यात काही गैर नाही. बसमध्ये निराळेच होते. तिथे इंजिनाची घरघर नेमकी खालच्या स्वरांवर ठाण मांडून बसते, बास तिच्याखाली दबतो आणि माणूस सगळाच आवाज चढवतो. इथे मेधाचा स्वर पहिल्यांदा कोरडा झाला. ८५ डेसिबल आठ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास, एवढे सांगून ती म्हणाली की बाससाठी आवाज चढवणारी मुले तिच्याकडे गिऱ्हाईक म्हणून यायला तिला नको आहेत.

अण्णांनी शेवटची शंका काढली. त्यांच्या साध्या मोबाइलच्या स्पीकरवरसुद्धा त्यांना तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येतो, तेव्हा ही सगळी उठाठेव कशासाठी? काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो आणि मोबाइलच्या स्पीकरमधून तो जवळजवळ निघतच नाही. निघतात ते १३८, २०७, २७६ असे त्याच्या पटीतले स्वर, आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा सा स्वतःच भरून काढतो. "त्यामुळे अण्णा, तुम्हाला सूर कळतो, पण त्याचं वजन येत नाही," मेधा म्हणाली. अण्णा यावर बराच वेळ गप्प राहिले, जे दुर्मिळ आहे.

मग प्रयोग झाला. मेधाने सुहासला आहे तोच इअरफोन घालून बोटाने किंचित आत दाबायला सांगितले, आणि दाबताक्षणी त्याचे डोळे मोठे झाले. बोट काढले की बास गेला, दाबले की आला. याहून सोपी परीक्षा नाही. खोक्यातली रबरे लावून पाहिल्यावर निघाले असे की त्याच्या उजव्या कानाला मधले माप चालते आणि डाव्याला मोठे लागते. डाव्या बाजूचा बास कमी आहे म्हणून त्याने ज्या दुकानदाराशी भांडण काढले होते त्याचे नाव मी लिहीत नाही. "तुझे कानसुद्धा एकमेकांशी सहमत नाहीत," बंड्या म्हणाला.

शेवटी मेधाने पर्समधून फोमच्या टिप्सची एक जोडी काढली. ती तिने चिमटीत वळून वळून उदबत्तीच्या काडीइतकी बारीक केली, सुहासला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाची पाळी वर आणि मागे ओढायला लावली, म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते, आणि फोम आत सरकवून अर्धा मिनिट बोट तसेच धरून ठेवले. फोम फुगत गेला तसा सुहासच्या चेहऱ्यावरून रस्ता नाहीसा होत गेला. मग तिने डग्ग्याचा एक ठेका लावला. तळहाताच्या घिश्शाबरोबर स्वर खालून वर चढत जातो त्या जागी सुहासची मान आपोआप वर गेली. वायरीचे चार हजार वाचले हे त्याला कळले होते, पण ते कबूल करण्याइतका तो मोकळा झालेला नव्हता.

त्या आनंदात त्याने बशीतली खारी उचलून तोंडात टाकली आणि दचकून थांबला. कानात कोणीतरी पत्र्यावरून कोळसे ओढत असल्यासारखा आवाज झाला, आणि वर डग्गाही गायब झाला. मेधाने सांगितले की कान बंद असला की स्वतःच्या जबड्याचा आवाज आतल्या आत कोंडतो, आणि जबडा हलला की नळीचा आकार बदलून फट पडते. खाताना आणि बोलताना बास जाणारच.

"बोलतानासुद्धा?" अण्णांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"बोलताना तर नक्कीच."

अण्णांनी खिशातून पाकीट काढले. "मेधा, याला असल्या आणखी दहा जोड्या आण. पैसे माझ्याकडून."