उशी २०व्या वर्गात, अभ्रा २४व्या

ऑनलाइन दुकानासाठी पहिलं नाव सुचतं ते हमखास चुकीचं असतं. मी तर नियमच करून टाकलाय: जे नाव ऐकून घरातले सगळे माना डोलावतात, ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याच्या कामाचं नाही. समजा, उश्या विकायच्यात आणि नाव ठरलं 'मऊ उशी'. ट्रेडमार्कचा परीक्षक विचारणार, मग बाकीच्यांनी आपल्या उश्यांना काय टणक म्हणायचं? मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द सहसा कुणा एकाच्या नावावर चढत नाही. 'ॲपल' संगणकाला चाललं, सफरचंदांना चालणार नाही. सगळ्यात भक्कम म्हणजे 'कोडॅक'सारखं, कशालाच न लागू पडणारं नाव.

मग 'मऊशी' करू, ही पळवाट. पण परीक्षक नाव नुसतं वाचत नाही, ऐकतोही. उच्चार आधीच्या कुणाशी जुळला की स्पेलिंग कितीही वाकवा, अडकलात. आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मिळालं याचा अर्थ डोमेन मिळालं, एवढाच.

यानंतर खरी करमणूक. नीस वर्गीकरणात, म्हणजे ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवा वाटून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत, एकूण ४५ वर्ग: ३४ मालाचे, ११ सेवांचे. उशी २०व्या वर्गात. तिचा अभ्रा २४व्या. तीच उशी मानदुखीवर उपचार म्हणून विकली की १०व्या. दुसऱ्यांच्या उश्या साइटवर विकल्या, तर ३५वा. रात्री एकाच डोक्याखाली असणाऱ्या वस्तू कागदावर इतक्या दूर राहतात! बहुतेक ठिकाणी जादा वर्गाला जादा फी, म्हणून हात आखडतो. पण दाखल केलेल्या अर्जात नंतर माल कमी करता येतो, वाढवता येत नाही. अभ्रा विसरलात तर नवा अर्ज, नवी तारीख, म्हणजे रांगेत मागे.

कॉपीराइट त्या मानाने सज्जन. १८८६च्या बर्न करारानुसार निर्मितीबरोबर हक्क आपोआप मिळतो. फक्त तो नावाला मिळत नाही. फोटो, मजकूर, लोगोचं चित्र यांना मिळतो. आणि बऱ्याचदा तुम्हाला मिळत नाही! बाहेरच्या डिझायनरचं बिल चुकतं केलं म्हणजे लोगो आपला, असं आपण समजतो. अनेक देशांत सहीनिशी लेखी हस्तांतरण नसेल तर मालक डिझायनरच. उशीच्या फोटोचंही तेच. कागद करून घ्या आणि मूळ फाइली जपा. नक्कल करणाऱ्याविरुद्ध तक्रार करताना चारशे वेळा फॉरवर्ड झालेला धुरकट फोटो पुरावा म्हणून शोभत नाही.

वर्तुळातला 'आर' नोंदणी झाल्यावरच लावायचा. कित्येक देशांत त्याआधी लावणं गुन्हा आहे. तोवर 'टीएम'वर, म्हणजे 'ट्रेडमार्क'च्या आद्याक्षरांवर, भागवा. परदेशात विकायचं असेल तर (हवामानाच्या नव्हे, ट्रेडमार्क-पेटंटच्या) पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांत तिथे अर्ज केला की पहिलीच तारीख धरली जाते.

अर्ज जाहीर झाला की हरकतींची मुदत सुरू होते. हरकतीआधी बहुधा पत्रच येतं: छान शिक्का, गंभीर नाव, 'नोंदणी शुल्क तातडीने भरा'. ते ठगाचं असतं. तुमचा ब्रँड इतक्या बारकाईने वाचणारा तो पहिलाच.