कुलूपबंद माहेर

माणूस परदेशी गेला की कसा मोकळा होतो, असं लोक म्हणतात. दोन बॅगा भरल्या, विमानात बसला, सुटला. सुटतोच तो, कारण बाकीचं सगळं बहिणीकडे ठेवून जातो. माझा भाऊ, भैया, जर्मनीत स्टुटगार्टला असतो. त्याचा बंगला, त्याची गाडी, इन्व्हर्टर, गॅसचं पुस्तक, बँकेची पासबुकं आणि एक जुना मोबाइल एवढा संसार इकडे जळगावात माझ्या गळ्यात असतो. आई-बाबा गेल्यापासून पिंप्राळ्याचा तो बंगला बंद आहे. बंद म्हणजे दाराला कुलूप आहे म्हणून बंद म्हणायचं. चार माणसं राहत होती तेव्हा त्या घराने जेवढं काम काढलं नाही, तेवढं आता काढतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी जातात. झोके, गौराईची गाणी, खापरावरची पुरणपोळी, वर आमरस आणि "राहू द्या हो ताई, तुम्ही बसा" म्हणणाऱ्या भावजया. मीही जाते. पारा ४४च्या पुढे, डोक्याला ओढणी गुंडाळून ॲक्टिव्हावर माहेरी पोचते, कुलपात तेल सोडते, दार ढकलते आणि स्वागताला वास येतो.

हा वास मोरीच्या जाळीतून येतो. जाळीखाली थोडं पाणी साचून राहतं आणि तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवून धरतं. घर बंद, त्यात आपल्याकडचा उन्हाळा. ते पाणी उडून जातं आणि गटार थेट दिवाणखान्यात येऊन बसतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक जाळीत तांबे-दोन तांबे पाणी ओतायचं आणि वरून चमचाभर गोडेतेल सोडायचं. तेलाचा तवंग धरला की खालचं पाणी लवकर उडत नाही. लोक शनिवारी मारुतीला तेल घालतात, मी मोरीला घालते. फ्रीज बंद करून दार किलकिलं ठेवायचं, गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवायचा, भिंतीच्या कडेला वाळवीची मातीची रेघ चढली आहे का ते वाकून बघायचं. त्यात वाघूर धरणाचं पाणी आमच्या नळाला रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी टाकीचा बॉल कॉक अडकलेला असला की शेजारच्या काकूंचा फोन येतो, "अगं, तुझ्या माहेरी रस्त्यावर पूर आलाय."

हे सगळं भैयाला तिकडून दिसत नाही असं नाही. त्याने हॉलमध्ये कॅमेरा बसवलाय. कॅमेऱ्याला वायफाय लागतं. लाइट गेली की वायफायला इन्व्हर्टर लागतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं आणि ते भरायला मी लागते. म्हणजे मी घरी जाऊन पाणी भरते ते कशासाठी, तर मी घरी जाऊन पाणी भरतेय हे भैयाला दिसावं म्हणून. एकदा मी सोफ्यावर जरा पाठ टेकली तर भिंतीवरून आवाज आला, "ताई, पंखा बंद करून जाशील ना?" माझ्या हातातली चावी पडली. आमच्या आजीला असा आवाज आला असता तर तिने लगेच लिंबू उतरवलं असतं.

तिकडे गेल्यावर भैयाला घर सांभाळायचं नवं ज्ञान झालंय. भाड्याने फ्लॅट घेतला तर आत ओटा नाही, सिंक नाही, छताला दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उपसून सोबत घेऊन गेला होता. तिकडे बऱ्याच ठिकाणी तशीच रीत आहे म्हणे. आपल्याकडे भाडेकरूने जाताना बल्ब जरी काढला तरी घरमालक अख्ख्या गल्लीला सांगत फिरतो. शिवाय तिकडची घरं थंडीसाठी इतकी गच्च बांधलेली की आतली वाफ बाहेर जातच नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आंघोळी झाल्या की खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. म्हणून भर हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं घर वाऱ्यावर टाकायचं. कित्येकदा हे भाडेकरारातच लिहिलेलं असतं. हे वाचून भैयाने मला मे महिन्यात निरोप पाठवला, "ताई, आपल्या घराच्याही खिडक्या रोज दहा मिनिटं पूर्ण उघडत जा." मी म्हटलं, "भैया, जळगावात मे महिन्यात दुपारी खिडकी उघडली तर बुरशी जाईल, पण तिच्याबरोबर तुझी ताईपण जाईल."

घराचं एक वेळ चालवून घेते मी. गाडीचं काय करायचं?

एमएच १९ची पांढरी गाडी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी आहे. विकून टाक म्हटलं तर भैयाचं उत्तर ठरलेलं, "सुट्टीत आलो की लागते ना गं." तो येतो दोन वर्षांतून एकदा. मधल्या काळात गाडीचा विमा भरायचा, पीयूसी काढायची. उभ्या गाडीला कशाला विमा म्हणून आळस करून चालत नाही. मुदत संपून ९० दिवस उलटले की इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणं हा गुन्हाच आहे. त्यात सरकारने १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची केली. मुदत वाढत गेली तसतशी मीही ते काम पुढे ढकलत गेले. शेवटी भैया म्हणाला, "तू काही करू नको, मी इथून ऑनलाइन करतो."

ओटीपी येणार त्याच्या इकडच्या नंबरवर. ते सिम जुन्या मोबाइलमध्ये, मोबाइल माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली. ते जिवंत ठेवायला मी रिचार्ज मारते, कारण ९० दिवस वापर झाला नाही आणि खात्यात पैसेही नसले तर नंबरच बंद पडतो. आणि नंबर गेला की बँक, आधार, गाडी सगळं गेलं. भैया सकाळी नाश्त्याच्या आधी लॅपटॉप उघडून बसला. तिकडे साडेसात म्हणजे इकडे अकरा, हे उन्हाळ्यात. हिवाळ्यात तेच बारा, कारण ते लोक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात. मी गॅसवर कळण्याची भाकरी टाकलेली.

"ताई, आला का?"

"नाही."

"आता?"

"चार्जिंग दोन टक्के दाखवतंय."

"चार्जरला लाव!"

"याची पिन जुनी आहे भैया, तो चार्जर तुझ्या बंगल्यात."

ओटीपी आला, मी वाचायला चष्मा लावला, मोबाइल बंद पडला, भाकरी करपली. घरातून हे ओरडले, "जर्मनीत काही जळालं का?"

पुढे कसंतरी बुकिंग झालं आणि तारीख मिळाली. आता गाडी सेंटरवर न्यायची होती. चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. तेवढंही नाही.

मेकॅनिक पारोळ्याकडचा, बोलणं अस्सल अहिराणी. बॉनेट उघडून त्याने आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात त्या आवाजात म्हणाला, "ताई, बॅटरी मरी गई." मी म्हटलं, अरे, दर आठवड्याला येऊन पाच मिनिटं चालू करते मी. तर म्हणे त्यानेच मेली. गाडी नुसती उभी असली तरी घड्याळ, लॉकचा सायरन, आतला कॉम्प्युटर थोडा थोडा करंट खातच असतात. वर आपण स्टार्टर मारला की बॅटरीतून एकदम मोठा घोट जातो आणि पाच मिनिटं जागेवर घुरघुरून तो काही भरून येत नाही. गाडी एक तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर पळवायची, नाहीतर बॅटरीची वायरच काढून ठेवायची. काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. आणि हँडब्रेक ओढून महिनोन् महिने ठेवायचा नाही, तो आवळून बसतो. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला वीट लावायची. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. मग त्याने बॅटरीच्या मागे हात घातला आणि चिंध्या, शेंगांची टरफलं आणि भैयाच्या दहावीच्या वह्यांची कात्रणं बाहेर काढली.

"उंदरस्नी वायरी खाई टाक्यात ताई. आठे त्यास्नं घर शे."

म्हणजे बंगल्यात राहायला माणूस मिळत नाही आणि पोर्चमधल्या गाडीत अख्खं कुटुंब नांदतंय, तेही विनाभाडं. उपाय म्हणून त्याने इंजिनाजवळ तंबाखूची पानं आणि डांबराच्या गोळ्या बांधायला सांगितल्या. मी पानटपरीवर जाऊन पावशेर तंबाखू मागितली. टपरीवाला ओळखीचा, आमच्या ह्यांचा मित्र. संध्याकाळपर्यंत ह्यांना दोन जणांनी विचारलं, "काय भो, वहिनींना कधीपासून सवय लागली?"

भाडेकरू ठेवावा हा विचार झाला होता. एक सज्जन जोडपं पसंतही पडलं. पण मालक परदेशात राहणारा असला की भाडं देताना भाडेकरूने त्यातून ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के कर कापून सरकारकडे भरायचा आणि त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबरही काढायचा, असा नियम आहे. भाडं किती का असेना. मी सगळं स्वच्छ सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "ताई, आम्ही घर बघायला आलो होतो, नोकरी नव्हे." करारावर सह्या करायला मुखत्यारपत्र तर भैयाने म्युनिकच्या भारतीय वकिलातीत जाऊन केलं होतं आणि ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावायचं कामही मी केलं होतं. ते पत्र आता फाइलमध्ये आहे. उंदरांपासून सुरक्षित.

बरं, तिकडे भैयाचं गाडीबाबत काही वेगळं चाललंय असं नाही. जाताना त्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला, वर्षभराचा. पण जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिनेच आपला परवाना चालतो. पुढे लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा देऊन तिथला घ्यावा लागतो. लेखीला ३० प्रश्न. परीक्षा इंग्रजीतून देता येते, अरबी-तुर्कीतूनही देता येते. मराठीतून नाही. लेखी पास झाला. रस्त्यावर नापास. जळगाव-धुळे हायवेवर केळीचे ट्रक ओव्हरटेक करणारा माझा भाऊ, त्याला परीक्षकाने का नापास करावं? तर वळताना खांद्यावरून मागे मान वळवून बघितलं नाही म्हणून. आरशात बघितलं होतं की! आरसा पुरत नाही म्हणे, मान वळली पाहिजे. आणि जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. भैया थांबला नाही, कारण उजवीकडून येत होती एक सायकलवाली म्हातारी, आणि आपल्याकडे सायकलवाल्याला कधी कुणी आधी जाऊ देतं का? हॉर्न तर गावात धोका असेल तरच वाजवायचा. दुसऱ्या खेपेला पास झाला तेव्हा त्याने पेढे वाटल्याचा फोटो पाठवला होता. हिवाळ्याचे टायर वेगळे, ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत. काढलेले टायर ठेवायला जागा नाही म्हणून ते तिथे पैसे देऊन ठेवायला देतो. मी इथे त्याचा अख्खा बंगला फुकट ठेवून घेते.

गेल्या डिसेंबरात आला. नवी बॅटरी, नव्या वायरी, नवी प्लेट, गाडी चकाचक. मी शेजारच्या सीटवर बसले. पहिल्याच वळणावर तो सवयीने उजव्या बाजूला शिरला. समोरून रिक्षा. रिक्षावाला काय बोलला ते छापता येत नाही. मग डावीकडे आला तो असा शहाण्यासारखा चालवायला लागला की विचारू नका. अजिंठा चौफुलीला तो थांबला, उजवीकडच्यांना वाट द्यायला. उजवीकडून ट्रॅक्टर गेला, दोन बस गेल्या, उसाची बैलगाडी गेली, पुन्हा ट्रॅक्टर. उजवीकडचे संपतच नव्हते. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"भैया, शिरव ना गाडी."

"ताई, त्यांचा हक्क आहे."

एक मोटारसायकलवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "काय भो, पेट्रोल संपलं का?" शेवटी मीच खाली उतरले, हात आडवा केला, दोन ट्रक थांबवले आणि भावाची गाडी पलीकडे काढली. गाडीत बसताना बघते तर हा खांद्यावरून मान वळवून मागे बघतोय.

जायच्या आदल्या रात्री भरीत-पुरी खाऊन तो अंगणात खाटेवर बसला होता. फार खुशीत होता. म्हणाला, "ताई, मागचा प्लॉट विकायला काढलाय म्हणे. घेऊन टाकतो. त्याचं तुला काही बघावं लागणार नाही, नुसती मोकळी जागा आहे."

"नुसती?"

"हो गं. महिन्यातून एकदा चक्कर मारायची, कुणी कुंपण तर घातलं नाही ना ते बघायचं. पावसाळ्यात गवत काढून घ्यायचं. आणि सातबारा, घरपट्टी..."

आतून ह्यांचा आवाज आला, "मेहुणे, त्यापेक्षा आम्हालाच जर्मनीला न्या. म्हणजे इथलं बघायला कुणीच उरणार नाही."