पनामा कालवा चीनने गिळला म्हणे!

घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मजकूर फिरतोय: ‘कालवा अमेरिकेने खणला, त्यात ३८,००० अमेरिकन मेले, राष्ट्राध्यक्ष कार्टरने तो एका डॉलरला पनामाला देऊन टाकला आणि आता चीन तो चालवतो.’ ट्रम्पही हेच बोलतात, म्हणून मजकुराला वजन आलंय.

आधी मेलेल्यांचं. अमेरिकेने खणलं त्या काळातली नोंद ५,६०९ मृत्यूंची आहे. त्यातले बहुतेक बार्बाडोससारख्या बेटांवरून आणलेले काळे मजूर. त्याआधी फ्रेंचांनी खणलं तेव्हा २२,०००च्या आसपास माणसं गेली. ती अमेरिकेच्या खात्यावर कशी चढवणार?

आता ‘देऊन टाकला’. मुळात मिळाला कसा? १९०३मध्ये कोलंबियाच्या सिनेटने अमेरिकेशी झालेला कालव्याचा करार मंजूर करायला नकार दिला. नोव्हेंबरात पनामा कोलंबियातून फुटला, तेव्हा अमेरिकी युद्धनौका पनामाच्या कोलोन बंदरात नांगर टाकून उभी. १८ नोव्हेंबरला करार झाला, आणि पनामाच्या वतीने सही कुणाची? बुनो-व्हारिया नावाच्या फ्रेंच माणसाची! पनामाची खरी माणसं त्या रात्री आगगाडीने वॉशिंग्टनला उतरली, तर हा फलाटावर हजर, सही उरकल्याची बातमी घेऊन. १० मैल रुंद पट्टा ‘कायमचा’ गेला होता. दुसऱ्या देशात पाय रोवणं म्हणतात ते हे.

तो परत मिळण्याचे करार व्हायला पाऊण शतक गेलं. ९ जानेवारी १९६४ला पनामाची शाळकरी मुलं आपला झेंडा घेऊन अमेरिकी पट्ट्यातल्या बाल्बोआच्या शाळेपाशी गेली. झटापटीत झेंडा फाटला, दंगल पेटली, वीसहून अधिक पनामावासी मेले. कालवा परत देणाऱ्या, कार्टरने केलेल्या १९७७च्या करारांमागे हे आहे. अमेरिकी सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. एक डॉलर कुठून आला, फॉरवर्ड करणाऱ्यालाच ठाऊक.

राहिला चीन. ३१ डिसेंबर १९९९पासून कालवा पनामाचं सरकारी प्राधिकरण चालवतं. टोल त्यांचा, जहाजांचे नंबर तेच लावतात. हाँगकाँगच्या हचिसन कंपनीला १९९७मध्ये मिळाली ती दोन टोकांची बंदरं, म्हणजे कंटेनर चढवायचे-उतरवायचे धक्के. एसटी स्टँडवरचं कँटीन चालवणाऱ्याला कुणी महामंडळाचा मालक म्हणतं का?

चीनचा वावर वाढला, हे खरंच. २०१७मध्ये पनामाने तैवानला सोडून बीजिंगशी संबंध जोडले, ‘बेल्ट अँड रोड’ या चीनच्या रस्ते-बंदरं बांधण्याच्या योजनेतही गेला. पण फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकी परराष्ट्रमंत्री रुबिओ येऊन गेले आणि त्याच आठवड्यात पनामाने या योजनेतून बाहेर पडत असल्याचं बीजिंगला कळवलं.