बंद पडलेली घेऊन या

पन्हाळ्यावरून उतरताना गाडी अशी झकास पळत होती की मी बायकोला म्हणालो, "एकवीस वर्षांची आहे असं वाटतं का बघ." ती काही बोलली नाही. गाडी सगळं ऐकत असते, यावर तिचा विश्वास आहे. रंकाळ्यावर भेळ खायला थांबलो, दहा मिनिटांत परत येऊन चावी फिरवली, तर सेल्फ नुसताच घरघरत राहिला. इंजिन काही पेट घेईना.

रंकाळ्यावर धक्का मारायला माणसं बोलवावी लागत नाहीत, थांबवावी लागतात. भेळ कट्ट्यावर ठेवून पाचजण आले. मी काच खाली करून समजावत होतो की सेल्फ एवढ्या जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे. धक्का मारून इंजिन फिरवायचं तर ते सेल्फ फिरवतोयच. "सर, तुम्ही फक्त सेकंड टाका," एवढंच उत्तर आलं. शालिनी पॅलेसच्या दिशेनं तीन वेळा आमची मिरवणूक निघाली. मग सगळे दमले, त्यांची भेळही मऊ पडली. पाऊण तासानं मी कंटाळून सहज चावी फिरवली तर पहिल्या हिसक्यात चालू. "बघा, धक्क्याशिवाय होतच नव्हती," मागून आवाज आला.

गाडी 2003 ची. मागच्या काचेवर 'एमपीएफआय' असा स्टिकर आहे, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी गाडी. त्या काळी त्याला नावापुढच्या डिग्रीसारखा मान होता. 1999 साली सुप्रीम कोर्टानं दिल्लीतल्या नव्या गाड्यांना धुराच्या प्रदूषणाच्या युरो अटी लावल्या आणि पुढं हळूहळू कार्बोरेटरचे दिवस भरले. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हा सगळा कारभार ईसीयू नावाच्या एका डबीकडं गेला. चोक ओढून, दोनदा पाय मारून गाडी चालू करणाऱ्यांची विद्या एका रात्रीत वाया गेली, पण त्यांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये असे चार आहेत. 2018 ला आरटीओत गाडीचं रजिस्ट्रेशन पाच वर्षं वाढवून आणलं तेव्हा फी 600 रुपये होती, 2023 ला 5000 झाली होती. एवढे भरल्यावर ते वसूल होईपर्यंत तरी गाडी काढायची नाही, असं माझं गणित. बायकोचं गणित ती भांड्यांच्या आवाजातून मांडते.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये सभा भरली. शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. आयुष्य डिझेलमध्ये गेलं, जिथं लाइनीत हवा अडकली की गाडी बंद.

"एअर धरली असणार. एअर काढा."

"काका, ही पेट्रोल आहे."

"मग पेट्रोलला हवा लागत नाही का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा मोबाईलला जोडायचा स्कॅनर घेऊन आला. स्टेअरिंगखाली बराच वेळ डोकं घालून बसला. त्याच्या स्कॅनरची पिन ज्या सॉकेटात बसते ते आपल्याकडं सक्तीचं झालं 2013 ला, तोवर आमची गाडी दहावीत गेली होती. बाहेर येऊन तो म्हणाला, "काका, तुमची गाडी ऑफलाइन आहे."

आणि या सगळ्या वेळात गाडी हात लावेल त्याच्या हातानं चालू होत होती. मी चार दिवस सगळीकडं न्यायची तिथं नेली, एकदाही अडली नाही. मग पाचव्या दिवशी भर दुपारी पेट्रोल भरायला गेलो. पंपावर इंजिन बंद करावंच लागतं. टाकी भरली, पैसे दिले, सेल्फ मारला, आणि घरघर. पेट्रोल भरल्याबरोबर गाडी बंद पडली तर मागच्या रांगेला काय वाटेल? "पाणी हाय वाटतं पेट्रोलात," असं एकजण बोलला मात्र, रांगेतल्या दोघांनी वळवून गाड्या बाहेर काढल्या. पंपावरची पोरं धावत आली आणि त्यांनीच आम्हाला ढकलून रस्त्यापलीकडं झाडाखाली नेऊन ठेवलं. "इथनं बघा काय बघायचंय ते."

आता मात्र मी वाचून आलो होतो. चावी ऑन केली की टाकीतला पंप दोन सेकंद 'ऊंऽऽ' करून लाइनीत दाब भरतो. बायकोला चावीवर बसवलं आणि मी मागच्या सीटवर आडवा होऊन सीटला कान लावला. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काय दिसत असेल ते मी मनात येऊ दिलं नाही. ट्रकांच्या आवाजात 'ऊं' काही कानी पडला नाही. म्हणजे पंपाचा रिले, पंपाला वीज सोडणारा स्विच! बॅटरीशेजारच्या डबीत पंपाचा आणि हॉर्नचा रिले सारखाच असतो. म्हणजे अदलाबदल करून बघायची. नखं मोडत, एक रिले हातातून सुटून खाली गार्डवर पडला तो बायकोच्या केसातल्या पिनेनं काढत, हे काम अर्ध्या तासात उरकलं. सेल्फ मारला. चालू! आयुष्यात इतका अभिमान मला लेकाच्या दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता. घरी येईपर्यंत मी बायकोला रिले म्हणजे काय ते दोनदा सांगितलं. बिल्डिंगच्या गेटवर कुत्रं आडवं आलं म्हणून हॉर्न दाबला, तर तो खणखणीत वाजला.

खराब रिले आता हॉर्नला होता. हॉर्न वाजायला नको होता. मी गप्प झालो. बायकोच्या ते लक्षात आलं, पण तिनं कुत्र्याकडं बघून घेतलं.

तर रिलेचा काही संबंध नव्हता. अर्धा तास गेला होता, एवढंच. रंकाळ्यावर पाऊण तास गेला होता. गाडी तापून बंद केली आणि लगेच चालू करायला गेलं की अडते, एवढं आता कळलं. इंजिन बंद झालं की पंखा, पाणी सगळं थांबतं आणि आतली धग आजूबाजूच्या सामानाला आणखीच भाजून काढते. मग आमचं आयुष्य त्या बेतानं चालू झालं. पाच मिनिटांची कामं बंद. कुठं जायचं तर तासभर बसायचं, नाहीतर दारातूनच परत. नातेवाइकांना वाटलं आम्हाला माणसांची ओढ लागली. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळत असताना मी इंजिन चालू ठेवून बसायचो आणि बायको दुधाची किटली घेऊन उडी मारून उतरायची. दरोड्यातली गाडी अशीच थांबत असेल.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडं तोवर तीन फेऱ्या झाल्या होत्या. तिन्ही वेळा त्याच्या दारात गाडी थंड पडेपर्यंत आमचा नंबर लागायचा नाही, आणि नंबर लागला की ती एका हातात चालू. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "सर, चालू गाडी घिऊन आलासा तर मी काय बघू? बंद पडलेली घिऊन या." बंद पडलेली गाडी घेऊन कसं यायचं, असं मी विचारलं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "ठेवा हितंच. हिला आपण तापवू."

अर्धा तास गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली. मग बंद केली, चहा मागवला, दहा मिनिटांनी सेल्फ मारला. घर्रर्र. मिस्त्रीचा चेहरा उजळला, माझाही. गाडी चालू होत नाही म्हणून आनंद झालेला तो एकमेव दिवस.

त्यानं कान दिला. पंपाचा 'ऊं' नीट येत होता. प्लग काढला, कोरडा ठणठणीत. प्लग वायरीला लावून इंजिनला टेकवला आणि मला सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. "आरपीएमचा काटा बघा," म्हणाला. काटा शून्यावरून हलत नव्हता. मग त्यानं माझ्याच हातातली पाण्याची बाटली घेतली, वाकून गिअरबॉक्सच्या वर कुठंतरी बारीक धार सोडली. चर्र झालं. "मारा." पहिल्या सेल्फला चालू.

क्रँक सेन्सर. बोटाएवढा काळा तुकडा. आत चुंबक आणि केसाहून बारीक तारेची गुंडाळी. समोर इंजिनबरोबर फिरणारं दात्यांचं चाक. दात्यांच्या 60 जागा, त्यातले दोन दाते मुद्दाम ठेवलेलेच नसतात. ते बोळकं समोरून गेलं की ईसीयूला कळतं, पिस्टन कुठं आलाय. आतली तार तुटत आली होती. तापली की टोकं सुटायची, थंड झाली की परत चिकटायची. सेन्सर गप्प झाला की ईसीयूला वाटतं इंजिन फिरतच नाही. मग ना ठिणगी, ना पेट्रोल. पंपसुद्धा दोन सेकंदांनी गप. इकडं सेल्फ कितीही कोकलू दे.

नवा सेन्सर अकराशेचा, मजुरी दोनशे. त्याआधी मी बदललेले प्लग, फिल्टर आणि विनाकारण घेतलेला पंपाचा रिले धरला तर हिशोब वेगळा होतो. तो मी घरी सांगितलेला नाही.

संध्याकाळी बिल्डिंगमध्ये आलो, मुद्दाम दहा मिनिटं थांबलो, आणि काकांच्या देखत सेल्फ मारला. चालू.

"निघाली म्हणायची एअर," काका म्हणाले.

"हो काका," मी म्हणालो. "निघाली."